ज्यांच्या हाती ट्रे, त्यांच्याच हाती कारभार

इंडियन कॉफी हाऊस म्हटले की कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचे कवी, लखनौ-अलाहाबादचे साहित्यिक आणि दिल्लीतले राजकीय कार्यकर्ते आठवतात. त्यांच्या टेबलांवर रंगलेल्या चर्चांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या टेबलांवर कॉफी आणून ठेवणाऱ्या, पांढरा गणवेश आणि तुऱ्याचा फेटा घातलेल्या माणसाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. तो तिथला नोकर असतो तसाच मालकही असतो. नोकरी जाण्याची वेळ आली तेव्हा त्याच्या आधीच्या पिढीने कॉफी हाऊस स्वतःच चालवायला घेतले आणि साठ-पासष्ट वर्षांहून अधिक काळ ते चालते राहिले. भारतातल्या कामगार सहकाराचे इतके दीर्घायुषी आणि इतक्या शहरांत पसरलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण. म्हणून ही व्यवस्था कशी जन्मली, कशी चालते आणि आपल्या सामाजिक जीवनात तिने काय साधले, हे नीट समजून घ्यायला हवे.

सुरुवात मुंबईत, चर्चगेटला

या साखळीचे पहिले दुकान मुंबईत चर्चगेटला १९३६ साली उघडले. ते कामगारांचे नव्हते, सरकारच्या पुढाकाराने निघाले होते. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि कूर्ग, चिकमगळूर, निलगिरी या भागांतले मळेवाले अडचणीत आले. निर्यातीवर विसंबून भागेना, तेव्हा देशातच गिऱ्हाईक तयार करायचे ठरले. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवून एक समिती नेमण्यात आली. दक्षिणेत कॉफी रुळलेली होती, पण उत्तर आणि पश्चिम भारत चहा पिणारा. त्या लोकांना कॉफीची चव लावायची, तर ती चांगली करून, स्वस्तात, बसायला निवांत जागा देऊन पाजली पाहिजे, या विचारातून 'इंडिया कॉफी हाऊस' निघाले.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केली आणि देशी खपाची गरज आणखी वाढली. १९४२ च्या कायद्याने कॉफीचा सगळा व्यापार कॉफी बोर्डाच्या ताब्यात आला. चाळीसच्या दशकात देशभर सुमारे ५० कॉफी हाऊस झाली. नफा हा त्यांचा पहिला हेतू नव्हता, सवय लावणे हा होता. त्यामुळे एक कप मागवून दोन तास बसणारा माणूस तिथे अडचणीचा ठरत नसे. पुढे सहकारी कॉफी हाऊसची जी ओळख झाली, तिची मुळे इथे आहेत.

बंद करण्याचा निर्णय आणि कामगारांचा प्रतिप्रश्न

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर कॉफी बोर्डाचे धोरण बदलले. कॉफी हाऊस बंद करायची ठरली. स्वयंपाकी, वाढपी, भांडी धुणारे, हिशेबनीस अशा सगळ्यांवर बेकारीची पाळी आली. या कामगारांची संघटना होती. तिच्या कामात एन. एस. परमेश्वरन पिळ्ळै पुढे होते आणि कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन, म्हणजे सर्वांचे एकेजी, त्यांच्या पाठीशी होते.

अशा वेळी कामगार चळवळीचा नेहमीचा मार्ग म्हणजे संप, निदर्शने, नुकसानभरपाईची मागणी. एकेजींनी त्याहून वेगळी वाट सुचवली. कॉफी कशी करायची, गिऱ्हाईक कसे सांभाळायचे, खरेदी कुठून करायची, हे सगळे तुम्हालाच येते. मग बोर्डाला नको असलेली दुकाने तुम्हीच सहकारी संस्था काढून का चालवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. संसदेतल्या विरोधी बाकांवरचा हा नेता कामगारांना मालक व्हायला सांगत होता, आणि त्यासाठी लागणारे शिक्षण, भांडवल, ओळखीपाळखी यांपैकी कामगारांजवळ फारसे काही नव्हते. होते ते हातातले कौशल्य आणि एकमेकांवरचा विश्वास. परमेश्वरन पिळ्ळै यांनी पुढे या सगळ्या घडामोडींचा इतिहास मल्याळममध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवला.

१९५७-५८ : एकामागून एक संस्था

पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला स्थापन झाली. दिल्लीचे सहकारी कॉफी हाऊस २७ ऑक्टोबर १९५७ रोजी कॅनॉट प्लेसमध्ये उघडले. ८ मार्च १९५८ रोजी त्रिशूरचे कॉफी हाऊस सुरू झाले, ७ ऑगस्ट १९५८ रोजी तलश्शेरीचे. जबलपूर, लखनौ, पाँडिचेरी, कोलकाता आणि आपल्याकडे नागपूर, मुंबई, पुणे अशा ठिकाणीही ही चळवळ पोचली.

कोलकात्यात या कामी गिऱ्हाइकांचाही हात लागला. कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाऊस १९५८ मध्ये बंद झाले तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेज आणि कलकत्ता विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी ते पुन्हा उघडावे म्हणून सरकारकडे धाव घेतली आणि त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले. कॉफी हाऊस ही शहराची गरज आहे, असे शहरातल्या शिकलेल्या लोकांनी जाहीरपणे सांगण्याचा तो प्रसंग होता.

आज देशात अशा १३ सहकारी संस्था आहेत आणि त्यांची मिळून सुमारे ४०० कॉफी हाऊस आहेत. केरळात त्रिशूर आणि कण्णूर अशा दोन संस्था राज्य वाटून घेतात. जबलपूरच्या संस्थेचा पसारा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये मोठा आहे. सर्व संस्थांचा मिळून एक अखिल भारतीय महासंघही आहे.

कारभार कसा चालतो

प्रत्येक कॉफी हाऊस ही वेगळी संस्था नसते. एका विभागाची एक संस्था असते आणि ती त्या विभागातली सगळी दुकाने चालवते. कामगार संस्थेचा भाग विकत घेऊन सभासद होतो. मग तो कपबशा विसळणारा असो, डोसे घालणारा असो की गल्ल्यावर बसणारा असो, त्याला मत एकच. किती भाग घेतले यावर मतांची संख्या ठरत नाही. सभासद आपल्यातूनच संचालक मंडळ निवडतात आणि ते मंडळ दर, खरेदी, बदल्या, बढत्या, नवी दुकाने यांचे निर्णय घेते. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मांडावा लागतो आणि तिथे मोरीवरचा माणूसही अध्यक्षाला प्रश्न विचारू शकतो.

शिल्लक उरते तिचा ठरावीक वाटा राखीव निधीत जातो. बाकीचा बोनस, लाभांश, कामगारांच्या सोयी आणि नव्या शाखा यांसाठी वापरला जातो. बढती आतूनच मिळते. साफसफाईपासून सुरुवात करून वाढपी, मग मुख्य वाढपी, मग व्यवस्थापक अशी वाट चढलेली माणसे या संस्थांत जागोजाग भेटतात. वाढप्यांचा गणवेश ब्रिटिशांच्या काळातला आहे आणि कमरेच्या, फेट्याच्या पट्ट्यावरून हुद्दा ओळखता येतो. एके काळी साहेबी थाटासाठी घातलेला तो पोशाख पुढे मालकांनीच स्वखुशीने चालू ठेवला.

उपाहारगृहाच्या धंद्यात कामगाराची स्थिती किती अस्थिर असते हे आपण रोज पाहतो. लेखी करार नाही, कामाच्या तासांना धरबंद नाही, मालकाची मर्जी फिरली की दुसऱ्या दिवशी काम नाही. अशा धंद्यात ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि मतदानाचा हक्क असलेला वाढपी ही मोठी कमाई आहे. कॉफी हाऊसचे हे यश कवितेत आले नाही, पण त्याने हजारो घरे उभी केली.

टेबलावर काय येते

खाद्ययादी लहान आणि वर्षानुवर्षे तीच. कॉफी, डोसा, वडा, कटलेट, ऑम्लेट, टोस्ट, सँडविच. मात्र प्रत्येक प्रांताने आपली चव तिच्यात मिसळली. केरळातल्या मसाला डोशाची भाजी बीटामुळे लालभडक असते आणि कटलेटमध्येही बीट असते. तिथल्या पिढ्यान् पिढ्यांना तोच रंग कॉफी हाऊसची खूण वाटतो. कोलकात्यात दूध नसलेल्या कॉफीला 'इन्फ्युजन' म्हणतात आणि सोबत कबिराजी कटलेट किंवा पकोडे येतात. बंगळूरला कॉफीबरोबर स्क्रॅम्बल्ड एग आणि टोस्टची न्याहारी करणारे जुने गिऱ्हाईक आहे. दर बाजारभावापेक्षा कमी ठेवण्याची परंपरा सगळीकडे आहे. मालकाच्या घरी वेगळा नफा पोचवायचा नसल्याने ते शक्य होते.

एकाच टेबलावर सगळे

दक्षिणेतल्या जुन्या कॉफी क्लबांमध्ये आणि खाणावळींमध्ये जात उंबरठ्यावरच विचारली जाई. 'ब्राह्मण' असे पाटीवर लिहिलेली उपाहारगृहे स्वातंत्र्यानंतरही होती. मद्रासमध्ये ट्रिप्लिकेनच्या मुरलीज कॅफेच्या पाटीवरून तो शब्द काढावा म्हणून द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्या अनुयायांनी १९५७ मध्ये दीर्घ आंदोलन केले. ज्या वर्षी हे चालले होते, त्याच वर्षी कामगारांची कॉफी हाऊस उघडत होती. तिथे स्वयंपाक कोणी केला आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसला, हे विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती. सार्वजनिक जागेत शेजारी बसून खाणे ही आज साधी गोष्ट वाटते. ती साधी व्हायला अशा जागांनी हातभार लावला.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हे टेबल बराच काळ मुख्यतः पुरुषांचे राहिले. कॉलेज स्ट्रीटसारख्या ठिकाणी विद्यार्थिनी आल्या, कुटुंबेही येऊ लागली, पण केरळच्या संस्थांनी कित्येक दशके कामावर फक्त पुरुष घेतले. स्त्रिया वाढपी म्हणून दिसू लागल्या त्या अगदी अलीकडे. समतेच्या पायावर उभ्या राहिलेल्या संस्थेने हे पाऊल फार उशिरा उचलले.

शहरोशहरीचे कट्टे

कोलकात्याचे कॉफी हाऊस १८७६ च्या अल्बर्ट हॉलमध्ये आहे. उंच छत, वरची गॅलरी, भिंतीवर रवींद्रनाथांचे मोठे चित्र आणि खाली अखंड गलका. समोर प्रेसिडेन्सी, शेजारी विद्यापीठ, भोवती जुन्या पुस्तकांची दुकाने. सत्यजित राय, मृणाल सेन, ऋत्विक घटक या चित्रपटकारांपासून सुनील गंगोपाध्याय आणि शक्ती चट्टोपाध्याय या कवींपर्यंत अनेकांची इथे ऊठबस होती. मन्ना डे यांनी गायिलेल्या, या अड्ड्याची आठवण काढणाऱ्या गाण्याने तर कॉफी हाऊस बंगालच्या घराघरांत नेले.

दिल्लीत हिंदी कथाकार विष्णू प्रभाकर मोहनसिंग प्लेसच्या कॉफी हाऊसचे नित्याचे सदस्य होते. नवोदित लेखकाला तिथे ज्येष्ठाशेजारी खुर्ची ओढून बसता येई. ओळखपत्र लागत नसे, वर्गणी नसे. शिमल्याच्या माल रोडवरच्या कॉफी हाऊसमध्ये वकील, पत्रकार, राजकारणी एकमेकांचे उणेदुणे काढत बसतात. शिमल्यात शिकायला असताना हमीद करझाई, जे पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झाले, तिथे येत असत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये शिमला दौऱ्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही गाडी थांबवून तिथली कॉफी घेतली.

तिरुवनंतपुरमला थंपानूर भागात, रेल्वे आणि बस स्थानकाजवळ, लॉरी बेकर यांनी बांधलेले कॉफी हाऊस आहे. विटांचा गोल मनोरा, आतून चढत जाणारी सलग वर्तुळाकार वाट आणि तिच्या कडेने बांधलेली टेबले. हवा आणि उजेड जाळीदार भिंतींतून येतो. कमी खर्चात सुंदर घरे बांधणारा वास्तुविशारद आणि कमी पैशांत चांगले खाऊ घालणारी कामगारांची संस्था, यांचा मेळ इथे उत्तम जमला. प्रवासी, हमाल, सरकारी कारकून आणि परदेशी पाहुणे तिथे एकाच चढावर बसलेले दिसतात.

विदर्भातल्या वाचकांना जबलपूरच्या संस्थेची कॉफी हाऊस ओळखीची असतील. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती, त्यामुळे त्या बाजूशी आपले येणेजाणे जुने. तिथे कॉफी हाऊस म्हणजे घरच्यांना घेऊन निर्धास्त जाण्याची जागा. या संस्थेने वीज प्रकल्प आणि कोळसा खाणींच्या वसाहतींतली उपाहारगृहेही चालवायला घेतली. केरळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात कॉफी हाऊस आहेत. रुग्णाच्या नातेवाइकाला रात्रीबेरात्री परवडणारे, स्वच्छ अन्न मिळणे ही सामाजिक सेवा आहे, आणि ती धर्मादायावर न विसंबता चालते.

आणीबाणी आणि पाडलेले कॉफी हाऊस

मोकळेपणी बोलण्याची जागा सत्तेला कशी खुपते, याचे उदाहरण दिल्लीत घडले. कॅनॉट प्लेसचे सहकारी कॉफी हाऊस विरोधी विचारांच्या लोकांचा अड्डा होता. राममनोहर लोहिया आणि त्यांच्या समाजवादी साथींची तिथे बैठक असे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागू झाली आणि पुढच्या वर्षी ही वास्तू पाडण्यात आली. आज त्या जागी पालिका बाजार आहे. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असताना बातमी तोंडी फिरते, आणि ती फिरायला माणसे भेटण्याची जागा लागते, हे राज्यकर्त्यांना नेमके कळले होते. क्रिस्टिन प्लिस या समाजशास्त्रज्ञांनी या कॉफी हाऊसवर आणि आणीबाणीतल्या प्रतिकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पाडापाडीनंतर कॉफी हाऊसने मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर बस्तान बसवले आणि माणसे तिथे जमू लागली.

मोकळीक कुठून आली

या सगळ्या शहरांत एक गोष्ट सारखी आहे. वाढपी गिऱ्हाइकाला उठवत नाही. हा केवळ स्वभावाचा चांगुलपणा म्हणून सोडून देता येणार नाही. खासगी धंद्यात दर खुर्चीमागे दर तासाला किती रुपये आले हे मालक पाहतो आणि वाढप्याला तसा दट्ट्या असतो. कॉफी हाऊसमध्ये वाढप्याच्या डोक्यावर असा मालक नाही. संस्था तोट्यात जाऊ नये एवढी काळजी त्याला असते, कारण ती त्याचीच आहे. पण एखाद्या विद्यार्थ्याने अर्धा दिवस एका कपावर काढला, तर त्याला हाकलून कोणाचा नफा वाढवण्याचा भार वाढप्यावर नसतो. कवींना, कार्यकर्त्यांना, निवृत्तांना, नोकरी शोधणाऱ्यांना जी मोकळीक मिळाली, तिची किंमत कामगारांनी आपल्या संभाव्य नफ्यातून मोजली. म्हणून कॉफी हाऊसच्या सांस्कृतिक इतिहासात त्यांचे स्थान साहित्यिकांइतकेच मानाचे असले पाहिजे.

आजच्या अडचणी

१९९६ मध्ये बंगळूरला कॅफे कॉफी डे सुरू झाले. २०१२ मध्ये स्टारबक्सने भारतातले पहिले दुकान मुंबईच्या फोर्टमध्ये उघडले. तरुण गिऱ्हाईक वातानुकूलित जागेकडे वळले. तरीही स्पर्धेपेक्षा मोठे संकट भाड्याचे आहे. जुन्या कराराने मिळालेल्या मोक्याच्या जागा एकेक करून हातच्या जात आहेत. बंगळूरच्या एम. जी. रोडवरचे प्रसिद्ध कॉफी हाऊस २००९ मध्ये बंद होऊन चर्च स्ट्रीटला गेले. दर वाढवावेत तर नेहमीचे गिऱ्हाईक दुखावते, न वाढवावेत तर पगार आणि डागडुजी भागत नाही.

आतल्या अडचणीही आहेत. संचालक मंडळाच्या निवडणुकीत गटबाजी शिरते, निर्णय लांबतात. नव्याने आलेल्या तात्पुरत्या कामगाराला सभासदत्व किती लवकर मिळते, यावर संस्थेचे सहकारीपण ठरते. जुने सभासद मालक आणि नवे सगळे रोजंदार, अशी स्थिती आली तर पाटीवरचा 'सहकारी' हा शब्द पोकळ होतो. ज्या संस्थांनी रुग्णालये, प्रकल्प, कार्यालये यांची कामे घेतली, त्या तुलनेने भक्कम राहिल्या. केवळ आठवणींच्या जोरावर कोणतेही दुकान चालत नाही.

महाराष्ट्राने काय घ्यावे

सहकाराचे नाव निघाले की महाराष्ट्राची मान ताठ होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभा केलेला साखर कारखाना देशाला दिशा देणारा ठरला. मात्र आपला सहकार प्रामुख्याने शेतकऱ्यांचा, दूध उत्पादकांचा, ठेवीदारांचा राहिला. कारखान्यात ऊस घालणारा सभासद असतो, कारखान्यात राबणारा बहुधा नसतो. कामगारांच्या मालकीचे प्रयोग आपल्याकडे थोडे झाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड हा त्यांतला सर्वांत यशस्वी. त्याची नोंदणी सहकारी संस्था म्हणून नसली तरी पापड लाटणारी प्रत्येक भगिनी तिथे भागीदार असते. कुर्ल्याची बंद पडलेली कामानी ट्यूब्ज कंपनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. कामगारांनी ती काही वर्षे जिद्दीने चालवली, पुढे मात्र ती पुन्हा अडचणीत आली.

कॉफी हाऊसचा अनुभव सांगतो की कामगार सहकाराला उपाहारगृहाचा धंदा विशेष मानवतो. यंत्रसामग्री कमी लागते, कौशल्य कामगारांच्याच हातात असते, रोजचा पैसा रोज येतो. महाराष्ट्रात एसटी स्थानके, सरकारी रुग्णालये, विद्यापीठे, न्यायालये, जिल्हाधिकारी कार्यालये यांच्या आवारात उपाहारगृहांची शेकडो कंत्राटे दिली जातात. त्यांतली बरीच सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या ठेकेदाराकडे जातात आणि त्याचा भार शेवटी वाढप्याच्या पगारावर व गिऱ्हाइकाच्या ताटावर पडतो. राज्याच्या सहकार कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा माणसांना संस्था नोंदवता येते. या कंत्राटांतला काही हिस्सा कामगारांच्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवावा आणि सुरुवातीची काही वर्षे त्यांना भाड्यात सवलत व हिशेबाचे प्रशिक्षण द्यावे. केरळ आणि मध्य प्रदेशातल्या वाढप्यांनी हे काम निभावून दाखवले आहे. ज्या महाराष्ट्रात पहिले कॉफी हाऊस निघाले, त्या महाराष्ट्रातल्या वाढप्यांनाही ती संधी मिळायला हवी.